अधिवेशनातला रविवार

डिसेंबर आला की आधी आमच्या फायली निघतात,
ट्रकने, गठ्ठे बांधून, लाखेचा ठसा लावून.
मागून आम्ही, रात्रीच्या गाडीने, बॅगेत वरती स्वेटर.
तोवर नागपूर आपले दुभाजक रंगवून ठेवतं,
काळा पट्टा, पिवळा पट्टा, काळा,
आणि पंधरा दिवसांपुरतं राजधानी होतं.

मी प्रतिवेदक. सभागृहात मधोमध बसते
कुणाकडेही न बघता.
दहा मिनिटं मी, मग माझ्या जागी चित्रलेखा, पुन्हा मी.
माणसं बोलतात ते माझ्या पेन्सिलीतून
रेघा, आकडे, टिंबं होऊन उतरतं.
कंसातले शब्द ठरलेले:
हशा. गोंधळ. सभात्याग.

सतरा वर्षं येतेय. शहर मला ठाऊक ते एवढंच:
एकशे साठ खोल्यांचे गाळे, तिथला रुसका गिझर,
मोर्चे अडवायचे चौक,
आणि परतताना भाच्यासाठी संत्रा बर्फी.

यंदा नत्थूजी ड्रायव्हर म्हणाले,
"कायले खोलीत बसून राह्यल्या, म्याडम?
चाला गोरेवाड्याले."
गाडी सरकारी नव्हती, त्यांच्या जावयाची होती.
मागच्या सीटवर तुरीच्या शेंगांचं पोतं, मी त्याला टेकून.
झिरो माइलचे दगडी घोडे दाखवत म्हणाले,
"साऱ्या गावांचं अंतर यायले मालूम,
पन जात कुठीच नाही."
मग थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघतच,
"पह्यले पूर्ण राजधानी होती आमची, बारा महिन्याची."
मी तेव्हा जन्मलेही नव्हते,
तरी खिडकीबाहेर बघितलं.

शहर संपलं ते कळलंच नाही.
सागाची पानं कडेने तपकिरी होत चाललेली,
गवत कमरेइतकं, वाळकं, ऊन पडलं की पितळी.
तलावापाशी सुगंधा उईके भेटली, खाकी शर्ट,
कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण, दोरीऐवजी नाडी.
ती काठच्या चिखलाशी उकिडवी बसली
आणि वाचू लागली:

"हे चितळ. एकटंच आलं.
इथं थांबलं, पाहा, खूर खोल गेला.
ऐकलं त्यानं कायतरी.
अन् इथून पलटलं."
"पाणी प्यायलं?"
"नाही प्यायलं."

"सभात्याग," मी म्हणाले.
तिला कळेना. नत्थूजींना कळलं,
आणि ते असे हसले की खोडावर पंख वाळवत बसलेला
पाणकावळा तसाच ओला उडाला.

मग मी वही काढली.
"हे तं टिटवीचे पाय," ती म्हणाली.
म्हणून तिला शुक्रवारचं पान वाचून दाखवलं:
नाग नदीच्या सफाईवर किती खर्च झाला,
कोणत्या वर्षी, कोणाच्या सहीने;
उत्तर, माहिती घेण्याचे काम सुरू आहे.
ती मान वाकडी करून ऐकत होती.
"एवढुशा चिखलात एवढं मोठं वाक्य?"
आणि मग, "नदी पाह्यली काय तुम्ही?"

नाही.
सतरा वर्षं लिहिली फक्त.

तेवढ्यात पलीकडच्या झाडीत वानर खाकरलं.
सुगंधाने हात वर केला.
गवत थांबलं, की आम्हीच थांबलो, सांगता येणार नाही.
नत्थूजींच्या हातात अर्धी सोललेली शेंग.
माझी पेन्सिल कागदावर टेकलेली.
शांततेला आमच्या लिपीत खूण नाही.
बोलणारा गप्प झाला की आम्हीही गप्प,
कागद त्याची नोंद घेत नाही.

काही आलं नाही.
किंवा आलं, बघून गेलं.

सोमवारी अकराला घंटा झाली.
माझ्या बुटाच्या टाचेला चिखल होता, वाळून पांढरा पडलेला.
एक सदस्य बोलता बोलता अडखळले,
पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला, प्यायले नाहीत.
मी वहीत खुराएवढी जागा सोडली.

"हे काय गं?" चित्रलेखाने दुपारी विचारलं.
टंकलेली प्रत तयार होत होती,
तीत वाक्याला वाक्य चिकटून असतं.
"चितळ," मी म्हणाले.
ती म्हणाली, बरं,
आणि पुढचं पान लावलं.