हातचा

नोव्हेंबरात आमच्या तोर्रेऑनला
वाळवंटावरून गार वारा सुटतो,
आणि दुकानांतून सेल. नाव बुएन फिन,
म्हणजे चांगला शेवट.
कशाचा, ते कुणी विचारत नाही.

आदल्या रात्री शटर ओढून
आम्ही चौघं लेबलं बदलायला बसतो.
जुनं नखानं खरवडायचं, नवं डकवायचं,
मोठ्या आकड्यावर तांबडी रेघ, खाली लहान आकडा.
रेघ मी मारतो. माझा हात सरळ आहे
असं सुपरवायझर ओलिवेरियो म्हणतो.

दोन्या चोले शाळेच्या फाटकाशी जेली विकते,
बारा पेसोला पेला,
पांढऱ्या दुधात लाल-हिरवे चौकोन अडकलेले.
तिचा फ्रिज मे महिन्यात घरघर लागून गेला.
तेव्हापासून शेजारणीच्या फ्रिजात एक कप्पा,
रोजचे दोन पेले भाडं.

ऑगस्टपासून दर सोमवारी ती येई,
त्याच करड्या फ्रिजचं दार उघडी, लावी,
आणि नातवाच्या चौकटीच्या वहीत
किंमत लिहून घेऊन जाई.
हिच्यामागे वेळ घालवू नकोस, ओलिवेरियो म्हणे,
ही घेणाऱ्यातली नव्हे.

शुक्रवारी पहाटे रांग पार औषधाच्या दुकानापर्यंत.
फुगे, भोंगा, तीस टक्के, तीस टक्के!
एकानं दोन मिक्सर जुळ्या पोरांसारखे
छातीशी धरले होते.
त्याला मिक्सर हवा होता का,
हे घरी गेल्यावर त्यालाही कळलं असेल.

गर्दी जरा ओसरली तशी
दोन्या चोलेनं वही माझ्यापुढे धरली.
ऑगस्ट, नऊ हजार दोनशे.
सप्टेंबर, नऊ हजार चारशे.
ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार, तेरा हजार.
आणि आज, माझ्या सरळ तांबड्या रेघेखाली,
नऊ हजार शंभर.

"शंभर पेसो," ती म्हणाली.
"आठ पेले, आणि वर चार चमचे.
एवढ्या वेळात मी तीस विकले असते."
आवाज चढवला नाही.
पेन्सिल कानामागे खोचली, गेली.

मी काय बोलणार?
माझ्या घरी गेल्या वर्षीच्या चांगल्या शेवटाचा
भिंतभर टीव्ही आहे.
खोली इतकी अरुंद, की बघायला
दारात उभं राहावं लागतं.
बिनव्याजी, अठरा हप्ते.
वजाबाकी शिकवताना बाई म्हणायच्या,
कमी पडलं तर शेजारच्या घरातून हातचा घ्या.
मी मार्चकडून घेतला, मेकडून घेतला,
उत्तर अजून आलेलं नाही.

तरी खोटं कशाला बोलू,
त्याच दिवशी बसचा ड्रायव्हर एलाडियो
तळहातावर आकडा लिहून आला,
सरळ गाद्यांकडे गेला, इकडेतिकडे पाहिलं नाही,
आणि खरंच निम्म्या किमतीत गादी नेली.
आता त्याची पाठ दुखत नाही म्हणे.
आवळा देऊन कोहळा काढणारं दुकान
वर्षातून एखाद्याला कोहळाही देतं.
नाही तर रांग लागायची कशी?

मार्चमधल्या एका मंगळवारी, दुपारी तीनला,
दुकानात चिटपाखरू नसताना
दोन्या चोले आली.
लेबल साधं, रेघ नाही. आठ हजार सातशे.
नोटा दोनदा मोजल्या,
शेवटी पाच-दहाची नाणीही निघाली.
"किती वाचवले मग?" मी हसून विचारलं.
"वाचवले कुठे रे, खर्च केले," ती म्हणाली.
"आठ हजार सातशे."

रात्री झोप येईना, म्हणून हिशेब मांडला.
सेलपेक्षा चारशे कमी. पण मधले चार महिने
रोज दोन पेले शेजारणीला,
ते दोन हजारांच्या घरात जातात.
म्हणजे थांबली, आणि तोट्यात गेली?
उठून बसलो. सकाळी तिला सांगावं का?
मग आठवलं, नोव्हेंबरात
ती दुकानात आली होती ती वही घेऊन.
पाकीट तिच्या हातात नव्हतंच.