उघडून बघता येत नाही

चाळीस वर्षं लोकांची घड्याळं कानाशी धरली.
टिकटिक लंगडली की कळायचं,
केस अडकलाय, नाहीतर तेल सुकलंय.

आता वैदेहीनं पाठवलेलं हे काळं चौकोनी
माझ्याच मनगटाला कान लावून बसतं.
सुरसागरच्या पाळीवर शेंगा सोलताना
थरथरलं: ठोके अनियमित.

पारेख डॉक्टरांनी पट्टी काढली.
‘गुप्तेकाका, झडपा ठीक. नुसती लय.
गोळी रात्री, चुकवायची नाही.’
उघडून बघता येत नाही का, विचारलं.
हसले.

रावपुऱ्यात खालच्या दुकानातली घड्याळं
दहा वाजवतात,
एकामागून एक, दोन मिनिटं तरी.
गोळी घेतो.
मनगटाखाली हिरवा उजेड उघडमीट करतो:
नवा कारागीर,
हातात चिमटा नाही.