भांड्यांवरची नावं

दहावी 'ब'ला मी हिंदीतून शिकवते
आणि मनात मराठीतून तपासून घेते.
फळ्यावर 'जनन' लिहिलं तोवर सगळे गंभीर.
मग 'लैंगिक' लिहिलं
आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली.
पिकणारच. मंदसौर इंदूरपासून फार लांब नाही.

म्हणून आधी अलैंगिक.
अमीबा मधोमध चिमटतो, दोन होतो.
आई कुठली, लेक कुठली, विचारू नका,
त्यालाही माहीत नसतं.
वाळून मरतो, कुणी गिळला तर मरतो,
पण दोन होतो तेव्हा
पहिला कुठे गेला म्हणावं, तर प्रेत नाही.
मग पान कुणाच्या नावानं वाढायचं?
हे शेवटचं मी वर्गात बोलले नाही.

त्यानंतर यीस्ट.
शाळेत सूक्ष्मदर्शक आहे,
पण रामरतनने त्याची काच फिनाइलने पुसली
तेव्हापासून सगळ्याच पेशी धुक्यात.
मी म्हटलं, सकाळी पोहे-जिलबी झाली ना?
छावणीतला जिलबीवाला रात्री
घमेल्याच्या तळाशी मूठभर आंबलेलं पीठ राखून ठेवतो.
त्याचा बापही ठेवायचा.
त्या पिठात, अंगावर पुटकुळी यावी तशी
एकीला लेक फुटते, लेकीला लेक.
जिलबीवाला गिऱ्हाइकं मोजतो.
पिढ्या कोण मोजणार?

आणि महूकडचे बटाटे.
बियाण्याच्या फोडी करायला बायका बसतात,
प्रत्येक फोडीला एक डोळा राखून.
एक डोळा पुरतो.
शेत भरून तोच बटाटा, तोच, तोच,
आणि करपा आला की सगळे एकदमच काळे,
कारण वेगळा असा कुणी नव्हताच.
(चंचल म्हणाली, मॅडम, आमच्या काकांचं असंच झालं.
मी म्हटलं, बस.)

घंटेला बारा मिनिटं उरली.
आता दुसरं सांगणं भाग होतं.
पुस्तकात फूल आहे, परागकण आहेत, कुक्षी आहे.
ते सोपं. फुलाला कुणी हसत नाही.
मला मात्र माहेरचं फडताळ आठवत होतं.
आईची भांडी देवासची, बाबांची धारची,
प्रत्येकावर कोरलेलं नाव, खाली तारीख.
दोन्हीकडून निम्मी निम्मी आलेली.
निम्मीच, हे महत्त्वाचं,
सगळी आली असती तर फडताळ मोडलं असतं.
आणि कुठली निम्मी, हे कुणी बसून ठरवलं नव्हतं.
म्हणून माझं नाक देवासचं,
गुडघे धारचे, जिना चढताना कळतात,
हसणं एका आत्याचं,
जिचं नाव घरात कुणी काढत नाही.
माझ्या भावालाही तेच फडताळ मिळालं.
वाट्या वेगळ्या.

हे सगळं हिंदीत कसं म्हणावं
याचा विचार करत होते
तेवढ्यात दुसऱ्या बाकावरून रेवा मंडलोई उठली.
की क्षिप्रा? डाव्या कानामागे तीळ ती क्षिप्रा,
पण वेण्या आड येतात.
'मॅडम, फिर हम दोनों किसमें आते हैं?'

वर्ग हसला. मग हसायचा थांबला.
मी खडू ठेवला, हात पदराला पुसले.
म्हटलं, आधी दोघांतून एक झालं.
आणि मग त्या एकाला
अमीबाची आठवण आली.

परीक्षेत याला अर्धाही गुण मिळणार नाही.
तरी तिने ते वहीत लिहून घेतलं,
आणि तिच्या वहीतून तिच्या बहिणीने,
जशीच्या तसं, मान वाकडी करून.
मी बाकाजवळून गेले तेव्हा दिसलं,
उतरवताना एका शब्दाचा काना राहून गेला होता.
माझ्या हातात लाल पेन होतं.
मी पुढच्या बाकाकडे गेले.