पोटखराबा

शाहूवाडीच्या वरच्या अंगाला
एस.टी. जिथून वळून माघारी फिरते
तिथून दीड तास चढून गेलो.
मे महिना. सडा तव्यागत.
वाळवंट म्हणतात ते असंच असणार,
वाळूच्या जागी जांभा, एवढंच.

बरोबर मोजणीचं यंत्र, पाण्याच्या दोन बाटल्या
आणि छापील तक्ता:
झाडे, निरंक. पीक, निरंक. वस्ती...
तिथं पेन अडलं,
कारण बमाबाई झोरे चार म्हशी घेऊन
समोर उभी होती.

"कुणाचा हा सडा?" मी विचारलं.
"आत्ता टिटवीचा," ती म्हणाली
आणि काठीनं दाखवलं,
उघड्या कातळावर चार अंडी, कातळाच्याच रंगाची.
माझा बूट वीतभर अंतरावर.
म्हशींनी वाट कवाच वळवली होती.

मग ती बोलत राहिली, मला नव्हे, म्हशींनाच जणू.
ह्या भेगेत खरपुडी. पोरांनी उकरली तर
एक खायाची, दोन ठेवायच्या.
त्या खळग्यात आज नुसता फुफाटा,
पर मिरग लागू द्या, आठ दिसांत बेडकांची पोरं.
आन् पल्याडच्या अंगाला
नारळी पुनवेपतोर गुरं न्हाई न्यायची,
फुलं बी धरत्यात.
"हे कुणी ठरवलं?"
"सासूच्या सासूनं. तिला कुनी सांगितलं
ते तिलाच ठावं."

खुणेसाठी मी एक सपाट दगड उचलला.
खाली फुरसं.
अंगाला अंग घासत करवतीगत खरखरलं.
मी चार पावलं मागं, यंत्रासकट.
बमाबाईनं दगड माझ्या हातातून घेतला,
ते गप होईस्तोवर थांबली,
मग तोच कोपरा त्याच खाचेत
अलगद बसवला.
"उघडल्यावर दार लावावं मानसानं."

कसबा बावड्याच्या खोलीवर रात्री तक्ता भरला.
टिटवीसाठी रकाना नव्हता.
सासूच्या सासूचा तर प्रश्नच नाही.
लिहिलं: पोटखराबा, वर्ग अ.
खाली सही, तारीख.
साहेब म्हणाले, बॉक्साइट निघालं तर बरंच,
नाहीतरी तिथं आहे काय?
मी पंख्याकडं बघत राहिलो.
पोट कुणाचं, खराबा कुणाचा,
तक्ता विचारत नाही.

टेबलावर जांभ्याचा एक खडा आहे,
कागद उडू नयेत म्हणून तिथूनच आणलेला.
हल्ली तो उचलण्याआधी
मी जरा थांबतो.