परतीच्या खिडकीवरून

सांगायचंच तर ब्लँकेटपासून सांगायला हवं.
यॉर्कशायरमध्ये, हेदरथ्वेट गावात,
बॅराक्लफ आणि मंडळींची विजेची ब्लँकेटं
तीन पिढ्यांचे पाय शेकत आली होती.
मग उजाडलं त्र्याऐंशी साल
आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर काढायची खाज सुटली.
केकवाले काढत होते, छत्रीवाले काढत होते,
क्लेमेंट बॅराक्लफ मागे राहतात होय?
माळावरच्या टिटवीवरून नाव ठेवलं : लॅपविंग अठ्ठेचाळीस.
टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणे.
आमच्या टिटवीने बँकेतलं खातं आटवलं.

रचना नॉर्मन हेलिवेलची. वय बावीस,
आईने विणलेला स्वेटर, कोपरावर सोल्डरचं भोक.
तो म्हणाला, आत पंखा हवा.
साहेब म्हणाले, गोदामात ब्लँकेटची वायर पडलीय सात मैल,
ती आधी संपव.

अठ्ठेचाळीस के मेमरी. पैकी सदतीस
पडद्यावर टिटवी उडवण्यातच जायची.
उरलेल्या अकरात तुम्ही आपला संसार थाटायचा.
कॅसेटवरून खेळ चढायला एकोणीस मिनिटं,
तेवढ्यात घरात कुणी चहाची किटली लावली
की पुन्हा श्रीगणेशा.
खेळही एकच : कुंपणावरून उड्या मारणाऱ्या मेंढ्या मोजा.
शेवटपर्यंत कुणी जागं राहिलं नाही,
तेव्हा शेवटी काय होतं ते एकट्या नॉर्मनला ठाऊक.
माहितीपुस्तक जुन्याच छापखान्यातलं,
अर्धा मजकूरही जुनाच राहिलेला.
पान बारा : कोमट पाण्यात धुवावे, पिळू नये.
हडर्सफील्डच्या एका बाईंनी धुतला.
पिळला नाही, हे त्यांनी पत्रात दोनदा लिहिलं.

उद्घाटनाला नगराध्यक्ष आले, गळ्यात पदाची साखळी.
एका बोटाने त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं.
टिटवी उडाली, बसली, विचारात पडली,
मग अक्षरं उमटली : चूक क्रमांक शून्य.
टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, असंच असतं.

मी परतीच्या खिडकीवर होते.
इतिहास माझ्याकडे खोक्यात बसून यायचा, पावतीसकट.
जळका वास येतो.
मांजर वरून उठत नाही.
मुलाने सात आठे विचारलं तर नुसती शिट्टी.
साहेबांनी उत्तर छापूनच ठेवलं होतं :
तापणे हा दोष नसून आमच्या घराण्याची परंपरा आहे.

विकले सहा हजार.
परत आले सहा हजार अकरा.
मी तीनदा मोजले. मिस मर्गट्रॉइडनी चष्मा पुसून मोजले,
मग चष्मा काढून.
अकरा खोक्यांवर क्रमांकच नव्हता.
त्यातला एक लावून पाहिला.
चार मिनिटांत खेळ चढला. किटली लावली, तरी चढला.
शेवटची मेंढी उडी मारत नाही,
कुंपणापाशी थांबून मागे वळून बघते.
नॉर्मन दारात उभा होता, कान लालभडक.
आईच्या स्वयंपाकघरात रात्री जागून
पदरच्या पैशाने पंखे घालून त्याने अकरा केले होते
आणि गुपचूप दुकानांत सरकवले होते,
कुणाला तरी एक धड मिळावा म्हणून.

मी खोक्यांतल्या तक्रारीच्या चिठ्ठ्या काढल्या.
अकरा हस्ताक्षरं, मजकूर एकच :
ऊब येत नाही.

नाताळाआधी कारखान्याला कुलूप लागलं.
सात मैलांतली चार मैल वायर तरीही उरली.
एक लॅपविंग माझ्याकडे आहे, तापणाऱ्यांपैकी.
त्यावर पावाचं पीठ झकास फुगतं.
कधी मध्येच तो टिव टिव करतो.
पीठ झालं असेल म्हणून मी उठते.
झालेलं नसतं.