पाणी जोखणारा

सोहारला आलो तेव्हा लाल रंगासाठी
माझ्याकडे एकच शब्द होता.
कोळी दादकरीम म्हणाला, डाळिंबाच्या सरबतासारखी.
बंदरावरचा मोकसेद म्हणाला, पान खाऊन चूळ भरावी तशी.
खल्फान मास्तर काहीच बोलले नाहीत,
माझ्या टेबलावरच्या सुलेमानी चहाकडे
नुसतं बोट केलं.
मी तो पेला परत तोंडाला लावला नाही.
तिघांना विचारलं, दुखतं का?
नाही डॉक्टर.
दुखलं असतं तर लवकर नसतो का आलो?

न दुखणारं रक्त.
बावीस वर्षं या तीन शब्दांच्या मागावर.

आई फोनवर विचारायची,
नक्की कसला डॉक्टर रे तू, शेजारी विचारतात.
सांग त्यांना, माणसांचं पाणी जोखतो.
ते तर सगळेच जोखतात, ती म्हणायची,
आणि विषय बदलायची.

जहाजं रंगवणारा पोशन्ना, जगतियालकडचा.
अकरा वर्षं थिनरचा वास,
उन्हात दिवसाला दोन बाटल्या पाणी,
तेही पुरवून पुरवून,
कारण संडास धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला
आणि मुकादमाचं घड्याळ पुढे.
दुर्बीण आत गेली तेव्हा पडद्यावर
काहीतरी डुलत होतं,
समुद्रतळाशी डुलतं तसं, झालरी-झालरींचं,
सुंदर म्हणावं असं. म्हटलं नाही.
झुवैना सिस्टरने न मागता तार हातात दिली
आणि मी कापत गेलो, झालर झालर.

कंपनीच्या फॉर्मवर निदानाचा एक चौकोन असतो.
पहिल्या वर्षी मी त्यात खरं लिहायचो.
खरं लिहिलं की चौथ्या दिवशी तिकीट,
नळी काढली न काढली तोच माणूस विमानात.
मग लिहू लागलो: मुतखडा.
मुतखड्यासाठी कोणी कोणाला घरी पाठवत नाही.
त्या एका शब्दावर सहा-सहा आठवडे उसने घेतले,
दर सोमवारी औषध आत सोडलं,
आणि रात्री माझ्या वहीत, हिरव्या शाईने,
खरं नाव.
दोन वह्या. वाण्याच्या असतात तशा.

पोशन्नाचा फॉर्म मी भरला नाही.
मी त्या दिवशी दुसऱ्या थिएटरात होतो,
वीतभर आतडं कापून त्याला
मूत्राशयाचं काम शिकवत.
फॉर्म भरला नव्या मुलाने.
हुशार, प्रामाणिक पोरगा.
त्याला काय म्हणून रागावणार?

शोधनिबंधात तीनशे बारा माणसं आहेत.
त्यातली एकेचाळीस मी एका ओळीत उरकली:
पाठपुरावा होऊ शकला नाही.
परीक्षकांनी हरकत घेतली नाही,
टक्का चालण्याजोगा होता.
मस्कतला त्यासाठी काचेची ढाल मिळाली.
खिडकीत ठेवली की दुपारी
समोरच्या भिंतीवर उन्हाचा चटका उमटतो,
म्हणून कपाटात.

परवा कपाट रिकामं करताना
ती एकेचाळीस नावं घेऊन बसलो.
नंबर बहुतेक बंद.
एक उचलला कोणा भलत्याच दुकानदाराने.
जगतियालचा मात्र लागला. मुलगी बोलली,
शाळेतलं हिंदी, प्रत्येक शब्द धुऊन ठेवलेला.
नान्ना गेले. सात वर्षं झाली.
बतुकम्माच्या आधीचा आठवडा होता.

मला विचारायचं होतं बरंच काही,
तोंडातून सवयीचंच आलं:
दुखायचं का त्यांना?

शेवटी शेवटी, ती म्हणाली. रात्री.
मग थांबून:
त्यांना मुतखडा होता ना?
ते तसंच सांगायचे सगळ्यांना.

बाहेर मासळीबाजाराकडून बर्फाचे ट्रक परतत होते.
हो, मी म्हणालो. मोठा होता.

तिने आभार मानले.
मी हिरवं पेन शोधलं, तारीख भरली.
आता चाळीस.
अभ्यास तेवढा पक्का झाला.