लॉट दोनशे अठरा

लडलोच्या लिलावघरात मंगळवारी माल येतो.
आज मिस प्रॉसर यांचं घर आलं, अकरा खोक्यांत.
सातव्यात हा वाडगा, आणि वाडग्यात बटणं:
कोटाची, उशांच्या अभ्र्यांची, एक लष्करी पितळी,
एक बदकाच्या आकाराचं, पिवळं.
त्यांना मूलबाळ नव्हतं, पुतण्या म्हणाला.

बटणं बाजूला ओतली आणि वाडग्याला टिचकी मारली,
आई आठवडी बाजारात माठाला मारायची तशी,
कान जवळ नेऊन,
कुंभाराच्या तोंडाकडे न बघता.
बद्द वाजला.

शोधली मग. काठापासून बुडाकडे तिरकी, केसाएवढी,
आणि बाहेरून तीन पितळी टाके.
कुणीतरी चिनी मातीला भोकं पाडली होती
आरपार न जाता, श्वास रोखून.

भोवती पीच, ढग, आणि तांबड्या रंगात पाच...
"फुलपाखरं गोड आहेत," पुतण्या म्हणाला.
फुलपाखरं नाहीत हो. वटवाघळं.

आमच्याकडे दिवेलागणीला पाकोळी घरात शिरली
की आई केरसुणी घेऊन धावायची,
आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन दिसला की दचकायची.
तडा गेलेलं भांडं तर
ती उंबऱ्याच्या आत ठेवूच द्यायची नाही.

चिनी भाषेत म्हणे वटवाघूळ आणि भाग्य
कानाला एकच लागतात.
उलटं लटकलेलं असेल, तर भाग्य पोचलं,
जोडे काढतंय दारात.
एवढ्याशा आवाजावर भरवसा ठेवून
माणसांनी भट्ट्या पेटवल्या!

मी फॉर्म भरते. एकोणिसावं शतक, उत्तरार्ध.
जुनी दुरुस्ती. आणि तो इंग्रजी शब्द लिहिताना
मनात मराठीत म्हणते: चीर.
चिर. चिरंजीव.
फरक फक्त वेलांटीचा,
ज्यासाठी सावरगावकर बाई अर्धा मार्क कापायच्या.

पाचव्या पाकोळीच्या पंखातून गेली आहे ती,
आणि मधला टाका नेमका तिथेच.

अंदाजे किंमत: चाळीस ते साठ पौंड.
"एवढीच?" पुतण्या म्हणाला.
बटणांचं काय करू, मी विचारलं.
"टाकून द्या."

टाकली. बदक तेवढं एप्रनच्या खिशात राहिलं.

संध्याकाळी कुलूप लावताना
चर्चच्या मनोऱ्यातून त्या निघाल्या.
माझ्या हातात केरसुणी नव्हती.
चारपर्यंत मोजल्या,
मग टीम नदीकडे सगळ्याच एकमेकींत मिसळल्या.